काहीच न झालेली मुलं

आजारी मुलाचा फोटो टेबलावर ठेवला की समोरचा माणूस चेकबुक शोधू लागतो. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि त्यात वाईट काही नाही; त्या पैशातून मुलं वाचतात. पण त्याच माणसाला सांगावं, की गावागावांतल्या धडधाकट बाळांच्या घरी आम्हाला दर आठवड्याला जायचं आहे, सलग दोन वर्षं, आणि त्यासाठी पैसा हवा आहे, तर तो विचारतो, ‘पण त्यांना झालंय काय?’ त्यांना काहीच झालेलं नसतं. बहुतेकांना पुढेही काही व्हायचं नसतं. वर्धा जिल्ह्यात माझी नोकरीची वर्षं या काहीच न झालेल्या मुलांमागे गेली. आधी क्षेत्र पर्यवेक्षक म्हणून त्यांच्या दारोदार, आणि नंतर कार्यालयात बसून त्यांच्यासाठी पैसा मागण्यात आणि आलेल्या पैशाचे अहवाल लिहिण्यात. संस्था बदलल्या, देणगीदार बदलले, काम तेच राहिलं.

काम दिसायला साधं. बारावी झालेली गावातलीच मुलगी, तिच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा, मिनिट दाखवणारं घड्याळ, ओआरएसच्या पुड्या आणि फॉर्म. बाळाला जुलाब झाले का, दिवसातून किती वेळा, उलटी झाली का, ताप किती दिवस, दूध ओढतंय का. खोकला असेल तर कुंची-झबलं वर करून पोटाकडे बघत श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची. मोजायचं ते पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. बाळ रडत असेल तर थांबायचं. रडणारं बाळ शांत व्हायला कधी कधी अर्धा तास जातो, आणि देणगीचा पैसा खरा खर्च होतो तो या अर्ध्या तासावर. अंदाजपत्रकात या थांबण्याला रकाना नसतो.

सेलू तालुक्यातल्या एका आजीने एकदा मला अंगणातच अडवलं. ‘बिमार पोरं तिकडं दवाखान्यात पडले हायेत, अन् तू माह्या चांगल्या नातवाले मोजाले काऊन येतं व बाई?’ प्रश्न अगदी रास्त होता. मी बाजेवर बसले आणि तिलाच विचारलं, या गावात गेल्या पावसाळ्यात किती लेकरं गेली. तिने बोटांवर मोजून सांगितली. त्यातली दवाखान्यात किती पोचली होती? तिने मान हलवली. एकही नाही. मग दवाखान्याच्या वहीत ती कशी सापडणार, असं मी म्हटलं, तेव्हा तिने नातवाला माझ्या काट्याच्या झोळीत स्वतः ठेवलं.

यापेक्षा नेमकं उत्तर मला पुढे कोणत्याही सभेत देता आलं नाही. आजार किती जीवघेणा आहे हे ठरवायला अंश लागतो तसा छेद लागतो. अंश थोडाफार दवाखान्यात सापडतो. छेद मात्र गावात हिंडूनच मिळवावा लागतो, आणि त्या छेदात ही सगळी काहीच न झालेली मुलं असतात. ती मोजली नाहीत तर लस उपयोगी पडली की पडली नाही, औषधाने फरक पडला की ऋतू बदलल्याने, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मोजणीचे शत्रूही आमच्याकडचेच असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंदवलेली गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यात यवतमाळकडे किंवा अमरावतीकडे निघून जाते आणि बाळ तीन महिन्यांचं होऊन परत येतं. नवजात बाळाचे सगळ्यांत धोक्याचे दिवस आमच्या कागदावर कोरे. कापूस वेचायच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, घरी आजी, तिला कालच्या जुलाबांची गिनती कशी माहीत असणार? मग आमची मुलगी संध्याकाळी पुन्हा जाते, किंवा सरळ वावरात. सोयाबीनच्या सवंगणीतही तसंच. ‘प्रवास’ या शीर्षाखाली एवढा पेट्रोल खर्च का, असं मुंबईहून विचारणाऱ्या लेखापालाला मी वर्ध्याचं पीकचक्र लिहून पाठवलं होतं. त्यांनी ते मान्य केलं, याबद्दल मला आजही बरं वाटतं.

सगळ्यांत जड काम मूल गेल्यानंतरचं. घरी दवाखान्याचा कागद नसतो, मृत्यूचं कारण कुणी लिहिलेलं नसतं. म्हणून काही आठवडे जाऊ देऊन त्या घरी जायचं आणि आईकडून आजाराची सगळी हकिकत ऐकायची. आधी काय झालं, मग काय झालं, फासळ्या ओढल्या जात होत्या का, अंग गार पडलं होतं का, कुठे नेलं, कुणी काय दिलं. ती हकिकत दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात आणि कारण ठरवतात. यासाठी पाठवायची कार्यकर्ती मी निवडून पाठवत असे. बाई रडली तर फॉर्म मिटायचा. ती पुन्हा बोलू लागली तरच उघडायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जायचं. हे मी शिकवत असे, आणि प्रकल्पाचा कालावधी घसरतोय म्हणून कुणी घाई करू लागलं तर ठामपणे नाही म्हणत असे. आपलं मूल कशाने गेलं हे जगाला कळावं म्हणून ती बाई बोलते. तिच्यापेक्षा मोठी देणगी या कामाला कुणी दिलेली मी पाहिली नाही.

माझ्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना असं मोजायला शिकवलं ते गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. १९८८ पासून शंभरावर गावांत बालन्यूमोनियावरचा त्यांचा अभ्यास झाला आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा सुइणींना श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचं साधं उपकरण केलं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते १९९५-९६ चं वर्ष. त्या वर्षी ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची त्यांनी फक्त घरी जाऊन पाहणी केली. जवळजवळ निम्म्या बाळांना गंभीर धोक्याचे आजार आढळले, आणि वैद्यकीय मदत मिळाली होती शंभरातल्या तिघांनाही नाही. हे वर्ष झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही द्यायचं, या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९ साली जगापुढे आलं आणि २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर गेलं. पैसा मॅकआर्थर आणि फोर्ड या प्रतिष्ठानांचा होता. नुसतं पाहण्याच्या वर्षासाठी पैसा द्यायला कुणीतरी तयार होतं, म्हणून आज एखादी आशा आमच्या आर्वी-कारंजाकडच्या घरात बाळाचं तापमान घेते.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण सेवाग्रामचं. रोटाव्हायरसच्या जुलाबांनी भारतात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दगावतात, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला होता. हा विषाणू १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप यांनी शोधला. पुढे परदेशात लसी आल्या, पण त्या आपल्या सरकारी लसीकरणाला परवडणाऱ्या नव्हत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेल्या पाच प्रकारांविरुद्धच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१४ साली देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर सुरू झाली. त्यातलं एक केंद्र सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. ‘पाथ’ ही ना-नफा संस्था त्यात भागीदार होती. एकूण ७,५०० बाळं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे डोस. निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेली तशीच दिसणारी मात्रा. कुणाला काय मिळालं हे आईलाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

त्या चाचणीत मी नव्हते. पण त्या काळात या भागात क्षेत्रकाम करणाऱ्या कुणालाही तिची भाषा पाठ होती. जुलाब झाले की ते किती तीव्र हे २० गुणांच्या मापाने ठरवायचं; ११ किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर चाचण्यांत पालकांची संमती घेताना दृक्-श्राव्य चित्रण करणं आलं होतं. गावच्या बाईला कॅमेऱ्यासमोर बसवून, तुमचं बाळ कोणत्या गटात जाईल ते कुणालाच माहीत नसेल, हे समजेल असं सांगणं किती अवघड असतं! पण तिला ते समजतं. मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्या ऐकून घेतात, नवऱ्याला विचारते म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन नको सांगतात. समजल्याची ती खरी खूण. सगळ्याच ‘हो’ म्हणू लागल्या की मला काळजी वाटे.

निकाल काय लागला? दोन वर्षांच्या पाठपुराव्यात तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे ३९.५ टक्के संरक्षण. अतितीव्र आजारापासून त्याहून बरंच जास्त, निम्म्याच्या वर. एका देणगीदार गृहस्थांनी हा आकडा ऐकून तोंड वाकडं केलं होतं, ‘चाळीसच?’ मला त्या ‘च’चा राग आला. रोटाव्हायरसच्या तीव्र आजाराने सलाइनपर्यंत पोचणाऱ्या दर शंभर बाळांमधली चाळीस घरीच राहिली, तर आपल्या जिल्ह्याच्या बालरोग कक्षात हिवाळ्यात किती खाटा मोकळ्या होतील, याचा हिशेब त्यांनी करून पाहावा. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या लसीला पूर्वमान्यता दिली, आणि २०१९ पासून महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात रोटाव्हायरसची लस आली. आज अंगणवाडीत बाळाला हे थेंब देणाऱ्या नर्सताईंना आणि मुकाट ते गिळणाऱ्या बाळाच्या आईला, ही लस उपयोगी आहे का हे ठरवण्यासाठी आपल्या शेजारच्या गावातल्या लेकरांनी भाग घेतला होता हे माहीत नसतं. आणि ज्या निम्म्या बाळांना नुसतीच मात्रा मिळाली, त्यांच्या घरांचं आपण देणं लागतो. त्यांच्यावाचून तुलना झालीच नसती. दात्यांच्या नावांच्या पाट्या लागतात, या घरांवर पाटी लागत नाही.

पाटीवरून एक प्रसंग सांगते. हिंगणघाटकडचे एक व्यापारी कार्यालयात आले होते. घरातलं लहान मूल गेलं होतं, त्याच्या नावाने काहीतरी द्यायचं होतं. त्यांच्या मनात एक यंत्र होतं. मी त्यांना म्हटलं, यंत्र आहे, ते चालवणारी माणसंही आहेत. तुम्ही वर्षभर दोन मुलींचं मानधन द्या. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ताई, मानधनावर नाव कुठं घालू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना सोबत गावात नेलं. एका घरी आमची मुलगी श्वास मोजत होती, ते दारात उभे राहून पूर्ण मिनिट बघत होते. परत येताना गाडीत त्यांनी आपल्या मुलाच्या शेवटच्या दोन दिवसांची सगळी हकिकत मला सांगितली, मी न विचारता. मानधन त्यांनी दिलं. नाव कुठेही घातलं नाही. दर तिमाहीला हिशेब मात्र ते आवर्जून मागवत आणि ओळन् ओळ वाचत. मला असा दाता आवडतो. हिशेब मागणं हाही जिव्हाळा आहे.

प्रश्नासाठी पैसा द्यायला वेगळी छाती लागते, कारण उत्तर आपल्या हयातीत येईल याची खात्री नसते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजी टाटांनी त्यांच्या नावाने १९३२ साली न्यास केला आणि उत्पन्नाचा चार पंचमांश हिस्सा जगभरात कुठेही होणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनाला ठेवला. त्या वेळी हा आजार झालेल्या मुलासाठी डॉक्टरांच्या हाती काहीच नव्हतं. मुलांमधला आजार औषधाने तात्पुरता का होईना मागे हटतो, हे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी दाखवलं ते १९४८ साली, म्हणजे न्यास झाल्यानंतर सोळा वर्षांनी. अमेरिकेत पोलिओच्या लसीची १९५४ ची प्रचंड चाचणी, अठरा लाख मुलांची, ती तर सामान्य लोकांनी पोस्टाने पाठवलेल्या दहा-दहा सेंटच्या नाण्यांतून उभी राहिली. सरकारने नव्हे, वर्गणीने.

आपल्याकडे वर्गणीची परंपरा कमी नाही. कस्तुरबांच्या निधनानंतर १९४४ साली देशभर लोकांनी स्मारकनिधी दिला तो खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची सुरुवात बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात झाली, तीही स्त्रिया आणि मुलांच्या छोट्या दवाखान्याच्या रूपात. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खर्चाची वाटणी अशी ठरली, की निम्मा केंद्राने, पाव राज्याने आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलायचा. डॉ. उल्हास जाजूंच्या प्रयत्नाने आसपासच्या गावांनी सुगीनंतर ज्वारी गोळा करून आपला आरोग्यनिधी उभा केला. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने ज्वारी जास्त द्यायची. माझ्या मते ही गावं गरीब असली तरी देणं त्यांना नवीन नाही. त्यांना कुणी संशोधनासाठी मागितलेलंच नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा २०१४ पासून येऊ लागला, तेव्हा आम्हाला फार आशा होती. तो येतो, पण मार्चअखेरीची घाई घेऊन येतो. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं, असा नियम आहे. गरोदर बाई नोंदवून तिचं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पाहायचं, आणि अशी हजार बाळं, तर हे तीन वर्षांत कसं बसवायचं? परदेशी निधीचा कायदा २०२० च्या सप्टेंबरात बदलला, तेव्हापासून एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. गैरव्यवहार रोखावा हे मला मान्य आहे. पण मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळवून खेड्यात मोजणी करणाऱ्या लहान संस्था यात बंद पडल्या. माझ्या ओळखीच्या एका संस्थेतल्या मुली, ज्यांना शेकडो बाळांचे श्वास मोजायचा हात बसला होता, आता वर्ध्यात कापडाच्या दुकानांत आहेत. हात एकदा गेला की पुन्हा तयार करायला वर्षं लागतात. त्या नुकसानीची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

आणि आमच्या भागाचे स्वतःचे प्रश्न पडूनच राहतात. विदर्भातल्या सिकलसेल या रक्तविकाराची नोंद १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. त्यानंतर कित्येक वर्षं पुस्तकात एकच वाक्य शिकवलं जाई, की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. हातपाय धरून रात्रभर ओरडणारं पोर ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सौम्यपण कधी दिसलं नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा नीट पाठपुरावा केला, तेव्हा इथल्या पुष्कळ मुलांचा आजार मुळीच सौम्य नाही हे पुढे आलं. त्यांनीच ६० मुलांच्या चाचणीत दाखवलं, की हायड्रॉक्सीयुरिया हे औषध किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम या कमी मात्रेतही वेदनेचे झटके खूप कमी करतं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, आणि सारखी रक्ततपासणी जिथे होत नाही अशा गावात जास्त सुरक्षितता. हा प्रश्न बोस्टन-लंडनमध्ये कुणाला पडला नसता, तो इथेच पडू शकत होता. साठ मुलांचा अभ्यास काही कोटींचा नसतो. आमच्या जिल्ह्यातले चार जिनिंगवाले आणि दोन पतसंस्था मनावर घेतील तर असा एक अभ्यास उभा राहील, हे मी अतिशय गंभीरपणे म्हणते आहे. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासण्या मोठ्या प्रमाणावर होत आहेत. रुग्ण सापडले, आता पुढे दहा वर्षं त्यांच्याकडे कोण जाणार? लहानपणी औषध सुरू झालेली मुलगी पुढे बाळंत झाली तर काय? लस आणि पेनिसिलिन वेळेवर मिळालेल्या मुलांमध्ये इथे किती फरक पडला? या प्रश्नांना सरकारी योजनेत रकाना नाही, इथेच दानाचं काम आहे.

नोकरी संपल्यावर एका नैतिकता समितीवर मला बोलावणं आलं. अशा समितीवर डॉक्टर नसलेली एक सामान्य व्यक्ती असावीच लागते, ती जागा माझी. संशोधनाचे प्रस्ताव येतात, मी आधी मराठी संमतिपत्र वाचते, मग अंदाजपत्रक. संमतिपत्रात ‘यादृच्छिक विभागणी’ असं लिहिलेलं असेल तर ते बदलून ‘चिठ्ठी टाकून ठरवणार’ असं करायला सांगते. अंदाजपत्रकात गावात जाणाऱ्या मुलींचं मानधन, त्यांचा विमा आणि रात्री परत येण्याची सोय शोधते. आणि प्रमुख संशोधकाला एक प्रश्न दर वेळी विचारते. अभ्यास संपल्यावर निकाल त्या गावांत जाऊन सांगायला किती पैसे ठेवले आहेत? बहुतेक प्रस्तावांत शून्य असतं. मग ते डॉक्टर थोडे अवघडतात, आकडा घालून प्रस्ताव परत आणतात, आणि आम्ही मंजूर करतो. गेल्या हिवाळ्यात देवळी तालुक्यात अशी एक सभा झाली. तक्ता भिंतीवर लावला होता. एका बाईने आपलं पोर त्या तक्त्यात कुठे आहे ते विचारलं, आणि तरुण डॉक्टरांनी तिला तो स्तंभ बोट ठेवून दाखवला. तिचा पुढचा प्रश्न होता, पुढचा अभ्यास कशाचा करणार. सिकलसेलचा करा, असं तिने आणि तिच्या मागे बसलेल्या तिघींनी सांगितलं. तो प्रस्ताव आता तयार आहे. त्याच्या पैशासाठी मी पुढच्या आठवड्यात हिंगणघाटला जाते आहे.